आठ छिद्रं आणि टायरच्या चपला

चिन्नाभाऊ, पाडली छिद्रं! आठच्या आठ पाडली, माझ्या हातानं पाडली, आणि एकही आरपार गेलं नाही. ज्या हातांत तुम्ही साधी कानस द्यायला घाबरायचात, त्याच हातांनी. आता बल्लारशाच्या फलाटावर बसले आहे. गाडी पाऊण तास उशिरा आहे, उन्हं पायांवर आली आहेत, आणि शेजारच्या बाकावर माझ्याहून लांब पिशवी आडवी टाकली आहे. मघाशी एका आजोबांनी विचारलं, "मासे धरायले चालल्या का बाई?" मी म्हटलं, "नाई बावाजी, बर्फावर घसरायले." ते उठून दोन बाकं पलीकडे जाऊन बसले.

छिद्रं नेमकी कुठे पाडली, ते लगेच सांगणार नाही. दोन महिने तुम्ही मला ताटकळत ठेवलंत, आता जरा तुम्ही थांबा. आणि हो, शाळेच्या भाषेत लिहिते आहे म्हणून हसू नका. कागद समोर आला की माझ्यातली मास्तरीण जागी होते. तुमच्या कारखान्यात बाकावर बसले की तीच मी मले-तुले करायची. तुमचं बरं होतं, तुम्ही जगात कुणालाच कधी 'तुम्ही' म्हटलं नाहीत. लाकडाच्या डेपोच्या मोठ्या साहेबालासुद्धा "बस तू, खुर्ची पक्की हाय" म्हणाला होतात, आणि साहेब मुकाट्यानं बसला होता.

ते पार्सल उघडलं तो दिवस आठवतो? दिवाळीची सुट्टी संपली होती. पन्नाशी ओलांडलेली, आश्रमशाळेत पोरांना लंगडी आणि खो-खो शिकवणारी बाई मनालीच्या एका दुकानदाराकडून वापरलेल्या स्की मागवते, यावर आलापल्लीत कुणाचा विश्वास बसला नव्हता. माझा तरी कुठे बसला होता! सागवानाच्या डेपोमागं तुमचा तो पत्र्याचा कारखाना, खाटा आणि दारं बनवायचा. तिथं दोघांनी मिळून सुतळी कापली आणि आतून दोन लांबलचक फळ्या निघाल्या, पुढून वर वळलेल्या. तुम्ही आधी वास घेतलात. मग बोटाच्या पेरानं टकटक केलंत, कान लावून.

"वरून प्लास्टिक हाय," तुम्ही म्हणालात. "पण आत लाकूड हाय, बाई. बोलते हे."

मला तेव्हाच वाटलं, माझं काम झालं. फळ्या बोलतात म्हणणारा माणूस सापडल्यावर आणखी काय पाहिजे?

मग दुसरी पिशवी उघडली. त्यात बुटांची जोडी आणि बुटाला फळीवर धरून ठेवणारे दोन चाप. तिकडे त्याला बाइंडिंग म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही शेवटपर्यंत चापच म्हणालात. बुटाचं फक्त पुढचं टोक त्या चापात अडकतं, टाच मोकळी राहते. म्हणून या फळ्यांवर चालताही येतं, चढताही येतं आणि घसरताही येतं. तुम्ही बूट हातात घेऊन टाच वर-खाली करून पाहिलीत, चार-पाच वेळा. "म्हंजे चपलीवाणी," म्हणालात. अगदी बरोबर! मी पुस्तकं वाचून, मोबाइलवर पाहून जे समजून घेतलं, ते तुम्ही एका दमात बोललात.

फक्त फळीवर एकही छिद्र नव्हतं. चाप कुठे बसवायचा ते आपण ठरवायचं होतं. मनालीकडच्या बर्फात ज्या वाटाड्याबरोबर आम्ही पाच बायका जाणार होतो, त्याला मी तुमच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, "दीदी, लगवाके लाना, इधर गाँव में कोई नहीं है. बॅलन्स पे लगाओ, या थोड़ा पीछे. अपनी अपनी पसंद है." आणि एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

अपनी अपनी पसंद! त्या तीन शब्दांनी आपले दोन महिने खाल्ले, चिन्नाभाऊ.

तुम्ही काय केलंत, शिकंज्यात पटाशी उभी पकडलीत, धार वर करून. तिच्यावर फळी आडवी ठेवलीत आणि नखानं सरकवत सरकवत आणलीत. डुलली, डुलली, मग थांबली. हवेत सरळ थांबली. तुमच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! कानावरची पेन्सिल काढलीत, गुण्या लावलात आणि तिथं रेघ मारलीत. "हा तोल. बुटाचं टोक इथीच पायजे."

मी म्हटलं, "नाई भाऊ. दोन बोटं मागं."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी जणू दाराची कडी बिजागरीच्या बाजूला लावायला सांगते आहे.

मी का हट्ट धरला ते तुम्हाला ठाऊक आहे, पण पुन्हा सांगते, मला सांगायला आवडतं. मी माजरीची. वडील खाणीत होते. कोळशावरची माती काढून कंपनी तिचे डोंगर रचायची, आणि त्या डोंगरांवर चढायला आम्हाला सक्त मनाई होती, म्हणून आम्ही रोज चढायचो. पिंपाचा सपाट केलेला पत्रा, त्यावर तीन पोरी, आणि खाली! पोटात जो गोळा यायचा ना, तो पुढच्या आयुष्यात कशानंच आला नाही. लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. पत्र्यावर मागं सरकून बसलं की पुढचं टोक वर उचललं जायचं आणि मातीत घुसायचं नाही, हे मला नवव्या वर्षापासून माहीत. पुढं बसलेली सुमी तोंडावर पडायची, मी कधी नाही. म्हणून दोन बोटं मागं. मला घसरायचं होतं, चिन्नाभाऊ. बर्फ, उतार आणि तो गोळा.

आणि तुम्ही काढलीत कावड. कुठलंही बोलणं तुमच्या खांद्यावरच्या कावडीपर्यंत यायचंच. बापानं कावड कशी शिकवली, आधी रिकाम्या दांडीला खांदा कसा शोधायला लावला, धानाची टोपली मागं आणि मोहाची पुढं घेऊन तुम्ही बाजाराला कसे जायचात. "तोल सोडून खांदा देल्ला का कोसभर बी चालत नाई माणूस," तुम्ही म्हणालात. "तू खाली येशीन एकदा. पाय उचलशीन हजारदा. दर खेपेले फळीचं नाक खाली पडलं त काय करशीन?"

"पण मी चढायले चाल्लीच नाई! मी घसरायले चाल्ली!"

"चढल्याबिगर कुठून घसरशीन, येडे?"

मग तुमच्या मैनाबाई चहा घेऊन आल्या. आपण दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी निवाडा द्यावा म्हणून. त्या म्हणाल्या, "तुमी दोघं बी येडे," आणि कप ठेवून गेल्या.

रोज शाळा सुटली की हेच. मी सायकल लावायची, तुम्ही रंधा थांबवायचा नाहीत, फक्त म्हणायचात, "आली का दोन बोटं?" तेच माझं नाव पडलं होतं. मध्ये तुम्ही टोरीच्या तेलाची टूम काढलीत. मोहाच्या बियांचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, तेच फळीच्या पोटाला घासायचं, म्हणजे बर्फ चिकटणार नाही. मी हसले. तिकडं खास मेण मिळतं, म्हटलं. तुम्ही लाकडाचा एक तुकडा तेल लावून आणि एक तसाच, असे दोन्ही उतरत्या पत्र्यावर सोडलेत. तेलाचा तुकडा पत्रा ओलांडून कोंबडीच्या अंगावर गेला. ती बाटली आत्ता माझ्या पिशवीत आहे, दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वास येतोय.

एकदा पाडलेलं छिद्र बुजवून त्याच्या बोटभर शेजारी दुसरं पाडता येत नाही, तिथं स्क्रू धरत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. एकच संधी. म्हणून मी घाई करत नव्हते आणि तुम्हीही नव्हतात. खरं सांगू? मला घाई नकोच होती. दिवसातला तो तास मला इतका आवडायला लागला होता की छिद्रं पडली तर मग कुठल्या निमित्तानं यायचं, याची धास्ती वाटायची.

आणि मग त्या दुपारी मी माती खाल्ली.

मी आले तर तुमच्या पेन्सिलीच्या रेघेवर बारीक खाच पडलेली. चाकूनं, सुताराच्या पद्धतीनं, पुसली जाऊ नये म्हणून. दोन्ही फळ्यांवर. तुमच्यासाठी ती रोजची सवय असेल, रेघ मारली की तुम्ही ती चाकूनं पक्की करताच. पण माझं डोकं फिरलं. मला न विचारता! माझ्या फळीवर! मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, एकच लिहिते, कारण तेच रुतून बसलं आहे. "तुमी जिंदगीत बर्फ पाह्यला तरी हाय का, चिन्नाभाऊ? उसाच्या रसातला बर्फ पाह्यला, आन मले शिकवून राह्यले?"

तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत. माझ्याकडे पाहिलंत.

"बरोबर हाय," म्हणालात. आणि रंधा मारायला लागलात.

भांडला असतात तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्यात तर मी दुसऱ्या दिवशी खारे शेंगदाणे घेऊन आले असते आणि विषय मिटला असता. "बरोबर हाय" म्हटल्यावर कसं यायचं? पाच दिवस मी शाळेतून सरळ घरी गेले. उद्या जाऊ, उद्या जाऊ. मग पोरांना घेऊन स्पर्धेसाठी चंद्रपूरला गेले, चार दिवस. जाताना बस तुमच्या कारखान्यावरून गेली, तुम्ही दाराशी उभे होतात, काहीतरी लांब बांबू तासत होतात. मी हात केला. तुम्ही पाहिला की नाही, मला अजून माहीत नाही.

चौथ्या दिवशी, लांब उडी चालू असताना, फोन आला. तुम्ही जेवून खाटेवर आडवे झालात आणि उठला नाहीत. मी टेप हातात धरून उभी होते. पोरगी उडी मारून माप घ्यायची वाट पाहत होती, आणि मला टेपवरचे आकडे दिसेनात.

माफी मागते, चिन्नाभाऊ. आडवळणानं नाही, सरळ मागते. चुकलं माझं. तुमच्यासमोर म्हणायला पाहिजे होतं, ते इथं या फलाटावर म्हणते आहे.

मी पोचले तोवर तुमच्या माणसांनी तुम्हाला गावाबाहेर नेलं होतं. तुमच्याकडच्या रीतीनं तुमची खाट, तांब्या, कुऱ्हाड, आवडती पटाशी, सगळं तिथं तुमच्याजवळ ठेवलं, आणि तुमच्या नावाचा दगड उभा केला. ड्रिल मशीन तेवढी मैनाबाईंनी घरी ठेवून घेतली. "तिथी लाइन कुठं हाय," म्हणाल्या, आणि त्या रडण्यातही मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं. पण एका गोष्टीवरून त्यांचं रडणं थांबेना. तुमच्या चपला सापडत नव्हत्या. त्या टायरच्या, जाड, पट्ट्याला खिळे मारलेल्या. घरात नाहीत, कारखान्यात नाहीत, विहिरीजवळ नाहीत. "दोन दिवसाआधी बिनचपलेचा आला घरी. विचारलं त म्हणे, असू दे. आता तसाच गेला. एवढ्या लंब्या वाटेले बिनचपलेचा." त्या माणसागणिक विचारत होत्या, तुमी पाह्यल्या का, तुमी पाह्यल्या का.

नंतर मी ठरवून टाकलं. तुमच्या खाचेवर छिद्रं पाडायची. वाद संपला, मी हरले, तुमच्या नावानं हरले. मोठ्या मनाची वाटत होते स्वतःला! तसं ठरवलं की रडू यायचं आणि बरंही वाटायचं.

मागच्या शनिवारी शाळेच्या फाटकाशी राइस मिलवाले पोचमभाऊ भेटले. ते मूळ सिरोंच्याचे, बोलताना निम्मं तेलुगू. म्हणाले, "अय्यो बाई, भाऊच्या त्या पट्ट्या घेऊन जा ना. सोमवारी ट्रक येते, कोंडा उचलून नेते."

"कोणत्या पट्ट्या?"

"तुमाले नाई माहीत?"

मी सायकल तशीच फिरवली. मिलमागं कोंड्याचा ढीग, धान भरडून उरलेल्या टरफलांचा, दोन माणसं उंच. आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन बांबूच्या फळ्या. कटांग बांबू, चिरून, तासून, पुढचं टोक विस्तवावर शेकून वर वळवलेलं. माझ्या स्कीच्याच लांबीच्या. आणि त्या दोन्हींवर, चिन्नाभाऊ, पुढून स्क्रूनं पक्क्या केलेल्या आणि मागून मोकळ्या सोडलेल्या तुमच्या टायरच्या चपला!

मी खाली बसले. तिथं कोंड्यातच बसले.

पोचमभाऊंनी सगळं सांगितलं. मी भांडून गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही बांबू शोधायला लागलात. मग रोज सकाळी मिलवर. "मी विचारलं, भाऊ हे काय? म्हणे, बर्फ नाई पाह्यला मी, बाई बरोबर बोलली. इथी दुसरं घसरतं काय हाय? हाच आपला बर्फ." पहिले दोन दिवस चपला तोलावर लावून ढीग चढलात, उतरलात, आणि खाली येताना नाक कोंड्यात घुसून तोंडावर आपटलात. मिशीत कोंडा, कानात कोंडा, अंगभर खाज. मग चपला काढून दोन बोटं मागं लावल्यात. चढताना पाय उचलला की टोक खाली, पाय उचलला की टोक खाली. पोचमभाऊंनी मोजलं नाही किती वेळा पडलात. आणि मग वरून निघालात.

"काय सांगू बाई! सीदा खाली! लहान पोरावाणी ओरडले. म्हणे, पोचम, पोटात गोळा आला रे! मंग पुन्हा चढले, पडत-पडत. पुन्हा खाली. चारदा. सत्तरीचा माणूस! मी म्हटलं, भाऊ बस करा. म्हणे, चपला इथीच राहू दे, बाई चंद्रपूरून आली का दाखवाचं हाय तिले."

म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात. तुम्ही कामाला लागला होतात! मी घरी बसून कुढत होते आणि तुम्ही कोंड्यात लोळत होतात. मी हसत होते की रडत होते, देव जाणे, पोचमभाऊंनी पाणी आणून दिलं. मग मी चपला कुठे आहेत ते नीट पाहिलं, आणि माझा पारा चढला. दोन बोटं मागं! छिद्रांच्या दोन ओळी, आणि चपला मागच्या ओळीवर! अहो, मी आठवडाभर रडून रडून तुमच्या बाजूला आले, आणि तुम्ही माझ्या बाजूला जाऊन बसलात? वाद संपला कुठे, नुसत्या जागा बदलल्या. आता मी कुणाचं ऐकायचं?

तिथं त्या ढिगासमोर उभी राहून मला तुमच्या बापाची गोष्ट आठवली. रिकामी कावड देऊन तो म्हणाला होता ना, खांदा तूच शोध, माझा तुले कामाचा नाही. तुम्ही ती गोष्ट मला निदान वीस वेळा सांगितली असेल आणि मी वीसही वेळा चहाच्या कपात पाहत होते.

रविवारी सकाळी स्की घेऊन मिलवर गेले. सायकलच्या ट्यूबनं बूट फळीला आवळून बांधले, टाच मोकळी ठेवून. आधी माझ्या खुणेवर. चढायला लागले. पहिलं पाऊल उचललं, टोक खाली, कोंड्यात. दुसरं, तसंच. दहा पावलांत मांड्या भरून आल्या, विसाव्या पावलाला मी आडवी. चिन्नाभाऊ, हे तुम्ही चार वेळा केलंत? सत्तरीत? नुसतं माझं म्हणणं काय आहे ते कळावं म्हणून? वर पोचले तेव्हा पोचमभाऊंच्या मिलमधली सगळी माणसं बाहेर येऊन उभी होती. आणि मग खाली. आला, गोळा आला! माजरीचाच, तोच, चाळीस वर्षांनी जशाचा तसा.

मग तुमच्या खाचेवर बांधले. पाय उचलला. फळी हवेत सरळ राहिली, शिकंज्यातल्या पटाशीवर होती तशी. मी तिथं उभ्या उभ्या पाय खाली-वर करत राहिले, लोकांना वाटलं असेल बाईचं काही खरं नाही. ढीग कसा चढले ते कळलंही नाही. उतरताना शेवटी नाक घुसलं आणि मी कोंड्यात तोंडावर पडले, सुमीसारखी. उठले, तोंडातला कोंडा थुंकला आणि मोठ्यानं म्हणाले, "ठरलं!" आम्ही जाणार त्या दरीत सहा दिवस चालायचं आहे, आणि उतार म्हणावा असा एकच, शेवटच्या दिवशी. तुम्ही म्हणालात तेच, हजार आणि एक. ते मी तुमच्या आठवणीपोटी मानलं नाही, माझ्या मांड्यांनी मानलं. हे ऐकून तुम्हाला जास्त बरं वाटेल, मला माहीत आहे.

दुपारी तुमच्या कारखान्यात बसले. मैनाबाईंनी ड्रिल मशीन काढून दिली, स्वतः प्लगजवळ उभ्या राहिल्या. तुम्ही दाखवलं होतं तसं, पात्यावर चिकटपट्टीचा वेढा दिला, म्हणजे त्याच्या पुढं आत जायचं नाही. कागदाचा साचा खाचेवर ठेवला. हात थरथरत होता. मैनाबाई म्हणाल्या, "त्याचा बी थरथरे, कपाट नवं असलं का." मग मात्र थरथर गेली. पहिलं छिद्र पडलं आणि आतून बारीक भुगा निघाला, लाकडाचा, पिवळट. बोलते हे, म्हणाला होतात ना. एक, दोन, चार, आठ. गोंद भरला, स्क्रू आवळले. बूट अडकवून अंगणात पाय उचलला. सरळ.

मैनाबाईंनी खाली वाकून, एक डोळा मिटून, तुमच्यासारखं पाहिलं. "अर्धं सूत डावीकडं हाय," म्हणाल्या. "तो असता त ओरडला असता."

असेल अर्धं सूत. राहू द्या ते माझं.

आणि मग मी त्यांना बांबूच्या फळ्या दाखवल्या. पोत्यात गुंडाळून आणल्या होत्या, कसं सांगावं कळत नव्हतं. त्यांनी पोतं सोडलं. चपलांवर हात ठेवला. पट्ट्यात अडकलेला कोंडा एकेक करून वेचून काढला, बराच वेळ. मी म्हटलं, "बाई, स्क्रू काढून देते. उद्याच भाऊजवळ ठेवून येऊ."

त्या आत गेल्या, टोरीच्या तेलाची वाटी घेऊन आल्या आणि फळ्यांच्या पोटाला तेल घासायला लागल्या, लांब लांब हात मारून.

"ठेवू," म्हणाल्या. "पण आधी नेऊन आण. बर्फ दाखव त्याले."

म्हणून या पिशवीत दोन जोड्या आहेत, चिन्नाभाऊ. वाटाड्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "दीदी, बाँस का? लाओ, लाओ!" सहा दिवस मी तुमच्या खुणेवर चढणार, आणि तुमच्या फळ्या माझ्या पाठीवर. मग शेवटच्या दिवशीचा तो एक उतार. तिथं माझ्या स्की काढून बाजूला ठेवीन, तुमच्या चपलांत बूट घालीन, ट्यूबनं आवळीन, आणि माझ्या खुणेवर खाली येऊ. दोघंही. पडलो तर पडलो. मग चपला परत आणून देते, तुमच्या दगडाजवळ ठेवते. तिथला बर्फ कोंड्यापेक्षा कसा आहे, ते तेव्हा तुम्ही मला सांगायचं.

सिग्नल पडला. आजोबा पुन्हा इकडे पाहायला लागलेत. उठा, चिन्नाभाऊ, गाडी आली.